झडपांचं वेळापत्रक

दोस्तांनो, परभणीहून जिंतूरकडे जाताना झरी गाव लागतं. तिथे रस्त्याच्या कडेला जरा वेळ उभे राहिलात तर ट्रॅक्टर, जीप, मोटारी अशी सगळी वरात पाहायला मिळेल. बाहेरून एवढी वेगवेगळी वाहनं. पण प्रत्येकाच्या इंजिनात एक भलतंच कडक वेळापत्रक पाळलं जात असतं.

इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होतो आणि क्रँकशाफ्ट नावाचा दांडा फिरवतो. त्याच्या डोक्यावर झडपा असतात. एक हवा आत घेते, दुसरी धूर बाहेर सोडते. त्या उघडतो कॅमशाफ्ट. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांना कॅमशाफ्टची बरोब्बर एक फेरी! म्हणून कॅमशाफ्टच्या चाकाला दुप्पट दाते. मिनिटाला ३००० फेऱ्या असतील, तर एकेक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते. टाळ्या वाजवून बघा जमतं का!

हे दोन दांडे जोडायचे कसे? ट्रॅक्टरच्या इंजिनात बहुधा दातेरी चाकंच एकमेकांत अडकवलेली असतात. दणकट काम, पण आवाज करणारं. शिवाय कॅमशाफ्ट लांब असेल तर मध्ये आणखी चाकं बसवावी लागतात.

दुसरी तऱ्हा साखळीची. सायकलच्या चेनची बहीणच, फक्त ही तेलात न्हालेली. झिजली की ती लांबते आणि खळखळ वाजू लागते. म्हणजे बिघडण्याआधी बिचारी ओरडून सांगते तरी! २०१० साली आलेल्या अल्टो के-टेनमध्ये अशी साखळी होती.

तिसरा पट्टा. पिठाच्या गिरणीचा साधा पट्टा घसरतो. इथे घसरून कसं चालेल? म्हणून या रबरी पट्ट्याला आतून दाते असतात. १९६२ साली जर्मनीच्या ग्लास कंपनीने तो मोटारीत आणला. १९८३ साली आपल्याकडे आलेल्या मारुती ८०० मध्येही पट्टाच होता. हलका, स्वस्त, आवाज नाही. पण तो तुटतो तोही बहुतेक वेळा गुपचूप. मग कॅमशाफ्ट जागीच थांबतो, काही झडपा उघड्याच राहतात आणि खालून दट्ट्या येऊन आदळतो. झडपा वाकतात, इंजिन उघडावं लागतं. सगळ्याच इंजिनांत असं होत नाही; काहींत दोघांमध्ये पुरेशी जागा ठेवलेली असते.

आईबाबांनो, जुनी गाडी घेताना रंग आणि टायर सगळेच बघतात. पट्ट्याचं इंजिन असेल तर तो कधी बदलला, हेही विचारा. नुसते किलोमीटर नकोत, वर्षंही विचारा, कारण उभ्या गाडीतलं रबरही म्हातारं होतं. मुदत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. पुरावा नसेल तर सरळ नवा बसवून घ्या, “चालतेय ना, मग कशाला?” हा हिशेब इथे फार महागात पडतो.

आणि तुम्ही काय कराल? सायकल उलटी उभी करा. पायडलची हळूच एक फेरी मारा, मागचं चाक किती फिरलं ते मोजा. मग पुढच्या चक्राच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागून पाहा, उत्तर जुळतंय का!