छपरावरील सूर्य आणि घरांतील हिशेब

आमच्या सातारा-सांगलीच्या मुलखास सूर्याची मदत घेणें कांहीं नवें नाहीं. उकडलेली हळद ऊनच वाळवितें, आणि उन्हाळ्यांत कुरडया-पापड गच्चीवर घालून कावळ्यांपासून त्यांची राखण करण्याचें काम आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं केलें असेल. कोयनेच्या पाण्यानें आणि वनकुसवड्याच्या पठारावरील वाऱ्यानें या मुलखांत वीज निर्माण केली. आतां पाळी उन्हाची आली आहे. पाटण तालुक्यांतील मान्याचीवाडी हें लहानसें गांव ऑगस्ट २०२४ मध्यें राज्यांतील पहिलें सौरग्राम ठरलें. त्याच वर्षीं फेब्रुवारींत केंद्र सरकारनें घरगुती सोलरसाठीं अनुदानाची 'पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू केली, आणि तेव्हांपासून विक्रेते दारोदार फिरूं लागले आहेत. सोलर घ्यावें कीं न घ्यावें, हा प्रश्न पुष्कळ घरांत मागें पडला आहे. कोणतें घ्यावें व केवढें घ्यावें, हा मात्र उरला आहे. आणि आमच्या मतें त्याचें उत्तर छपराच्या लांबीरुंदींत नसून घरच्या हिशेबांत आहे.

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं आमची स्वतःची चूक सांगतों. आम्हीं कर्ज काढून घरावर तीन किलोवॉटचें यंत्र बसविलें. विक्रेत्यानें अनुदानाचा आंकडा सांगितला. आम्हीं मान डोलाविली. पुढें वळवाच्या पावसांत एक झाड तारेवर पडलें व लाईट गेली. दुसऱ्या दिवशीं लख्ख ऊन पडलें, तरी घरांत पंखा फिरेना. आमच्या धाकट्या मुलीनें विचारलें, "बाबा, सूर्य तर आहे, मग लाईट कां नाहीं?" वर्गांत इतरांच्या मुलांस विज्ञान शिकविणाऱ्या आमच्याजवळ या प्रश्नास उत्तर नव्हतें.

उत्तर पुढें समजलें. ज्यास ऑन-ग्रिड म्हणतात, तें बॅटरीविना चालणारें यंत्र महावितरणची वीज जातांच आपोआप बंद पडतें. आणि तें बंद पडलेंच पाहिजे. तारेंत वीज नाहीं असें समजून वायरमन खांबावर चढलेला असतो. अशा वेळीं एखाद्या छपरावरून वीज तारेंत उतरली तर त्याचे प्राण जावयाचे. नियम योग्यच आहे. दोष इतकाच कीं, तो सांगणारा सांगत नाहीं व घेणारा विचारीत नाहीं.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःस विचारावा: आपणांस बिल कमी करावयाचें आहे, कीं अंधार दूर करावयाचा आहे? हे दोन रोग निराळे असून त्यांचीं औषधेंही निराळीं आहेत. बिलावर औषध ऑन-ग्रिड. दिवसा तयार झालेली जादा वीज महावितरणच्या तारेंत जाते, रात्रीं आपण वीज परत घेतों, आणि नेट मीटर दोहोंचा हिशेब ठेवितो. अंधारावर औषध बॅटरी. जेथें तार पोंचलीच नाहीं, किंवा पोंचूनही भरंवशाची नाहीं, अशा डोंगरांतील वाडीस अथवा जतच्या माळावरील वस्तीस बॅटरीसह चालणारें ऑफ-ग्रिडच हवें. सुटीपुरतें शेतघरीं राहणाऱ्यासही तसलेंच लहानसें यंत्र पुरे. दोन्ही गुण एकत्र असलेल्या यंत्रास हायब्रिड म्हणतात. तें सोयीचें खरें, पण महाग. शिवाय पॅनेल पंचवीस वर्षें टिकतें, साधी बॅटरी मात्र थोड्याच वर्षांत बदलावी लागते.

दुसरा हिशेब मापाचा. एक किलोवॉटचें यंत्र आपल्याकडे वर्षाच्या सरासरीनें दिवसास सुमारें ४ युनिट, म्हणजे महिन्यास १२० युनिट वीज देतें, व त्यास सुमारें १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. ज्या घराचा खप महिन्यास १५० युनिट, त्यास दीड किलोवॉट पुरे. दोन म्हणजे पुष्कळ. आतां या योजनेचें अनुदान पाहा. पहिल्या दोन किलोवॉटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये, तिसऱ्यास केवळ १८,०००. एकूण ७८,००० आणि त्यापुढें कांहीं नाहीं. आम्ही ७८,००० या आंकड्यास भुललों. ज्या तिसऱ्या किलोवॉटास सर्वांत कमी मदत, त्यासाठींच आम्हीं पदरचे सर्वांत अधिक पैसे घातले. आणि त्याची न वापरलेली वीज वर्षाअखेर स्वस्तांत जाते. कोणी म्हणेल, गरज पुढें वाढणारच. विजेची स्कूटर घ्यावयाची ठरली असेल तर ती हिशेबांत अवश्य धरावी; स्वप्नांतला एसी धरूं नये.

तिसरा हिशेब जागेचा. पॅनेलें दक्षिणेस तोंड करून, सुमारें १७ अंशांच्या उतारावर बसवावींत. एका फांदीची सावली पडली तरी पॅनेलांच्या सबंध रांगेची वीज घटूं शकते. पश्चिमेकडील डोंगरांत पावसाळ्यांत वीज फार कमी होते, तर पूर्वेकडे धूळ बसते; साखर कारखान्याजवळ हंगामांत काजळीही बसते. म्हणून पॅनेल सकाळीं थंड असतांना धुवावें. आणि कृष्णाकांठच्या लोकांनीं २००५, २०१९ व २०२१ चे पूर विसरूं नयेत: इन्व्हर्टर व बॅटरी जिन्याखालीं न ठेवतां माडीवर ठेवावी.

विद्यार्थिमित्रांनो, हें सारें वडील मंडळींचें काम आहे असें समजूं नका. यांत त्रैराशिकापलीकडील गणित नाहीं. या सुटींत घरचीं बारा महिन्यांचीं बिलें काढा, युनिटांची बेरीज करा, प्रत्येक दिव्याचे वॉट वहींत लिहा, आणि विक्रेता आला म्हणजे ती वही घेऊन त्याच्यासमोर बसा. लाईट गेल्यावर हें यंत्र चालेल काय, असें त्यास स्पष्ट विचारा.

आमच्या घरीं हा हिशेब त्या धाकट्या मुलीनेंच केला. ९ वॉटचे ३ बल्ब म्हणजे २७ वॉट, ७५ वॉटचा एक पंखा, मिळून १०२. पांच तासांस ५१० वॉट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांच्या बॅटरींत १,८०० वॉट-तास मावतात. निम्मेच वापरले तरी ९०० हातीं येतात. म्हणून आम्हीं वेगळा इन्व्हर्टर व तेवढी एकच बॅटरी आणली. पुढील पावसाळ्यांत लाईट गेली, तेव्हां ती दिव्याखालीं पुस्तक वाचीत बसली होती. तीन किलोवॉटांनीं जें काम केलें नाहीं, तें अर्ध्या युनिटानें केलें. कारण या वेळीं वस्तूपूर्वीं हिशेब घरांत आला होता.