नऊवारीतली झैनब

मकबूल फिदा हुसेन म्हटलं की आपल्याला घोडे आठवतात, नाहीतर वाद. मला त्यांच्या चित्रांतल्या साड्यांबद्दल बोलायचं आहे.

हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपूरचा. ते दीडेक वर्षांचे असताना आई झैनब वारली. तिचा एकही फोटो नव्हता, त्यामुळे आईचा चेहरा कसा होता हे त्यांना आयुष्यभर कळलं नाही. ती नऊवारी नेसायची, हे मात्र ते आवर्जून सांगत. मुसलमान बाई आणि नऊवारी, हे ऐकून आज अनेकांना नवल वाटतं. आमच्या आधीच्या पिढीत गावोगावच्या कितीतरी मुस्लिम बायका नऊवारीच नेसत. तो त्यांचा रोजचा पोशाख होता. त्यात त्यांना काही सिद्ध करायचं नव्हतं.

ही हरवलेली आई हुसेन यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येते. त्यांच्या मदर तेरेसांची चित्रं बघा. पांढरी साडी, निळे काठ, मांडीवर मूल, आणि चेहऱ्याच्या जागी नुसती पोकळी. साडीची प्रत्येक चुणी जिव्हाळ्याने रंगवणाऱ्या या माणसाने चेहरा मात्र अंदाजाने भरला नाही. १९९२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांनी ‘श्वेतांबरी’ मांडलं, तेव्हा तर दालनभर फक्त पांढरं कापड होतं आणि जमिनीवर फाटलेली वर्तमानपत्रं.

मला यात मोठा विवेक दिसतो. कपड्यात माया असते, गाव असतं, भाषा असते. पण आतलं माणूस कपड्यावरून वाचता येत नाही. आपण नेमकं उलटं करतो. कापड बघतो आणि चेहरा आपल्या मनाने भरून टाकतो.

हुसेन यांच्याही वाट्याला हे आलं. १९६४ मध्ये कवी मुक्तिबोध गेले. मराठी घरात जन्मून हिंदीत लिहिणाऱ्या या कवीच्या अंत्ययात्रेनंतर हुसेन यांनी चपला सोडल्या त्या कायमच्या. पुढे अंगावर कधी झकपक सूट, कधी शेरवानी, हातात काठीसारखा लांब ब्रश, आणि पाय उघडे. मुंबईच्या विलिंग्डन क्लबने त्यांना अनवाणी म्हणून आत घेतलं नाही. त्या पायांमागचं दुःख दारावरच्या नियमाला कसं दिसणार?

त्यांनी देवींना वस्त्रांविना रंगवलं म्हणून १९९६ पासून खटले आणि हल्ले झाले. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०११ मध्ये लंडनला वारले. पण आपणही हात झटकू नयेत. २००४ मध्ये त्यांच्या ‘मीनाक्षी’ चित्रपटातल्या एका गाण्यावर मुस्लिम संघटनांनीच आक्षेप घेतला आणि चित्रपट काढून घेण्यात आला.

आता वर्गाकडे येऊ. २०२२ मध्ये कर्नाटकात हिजाबवरून मुलींना वर्गाबाहेर थांबावं लागलं. २०२४ मध्ये मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या पोशाखबंदीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. एकीकडे डोक्यावरचं कापड काढलंस तरच तू शिकण्यालायक, असं तिला ऐकवलं जातं. दुसरीकडे घेतलं नाहीस तर तू आपल्यातली नाहीस, असं. साडी नेसून अस्खलित मराठी बोलणाऱ्या बाईला तर “तुम्ही मुसलमान वाटत नाही” हे वाक्य कौतुक म्हणून मिळतं. या सगळ्या गदारोळात त्या मुलीला गणित आवडतं की कविता, हे विचारायला कुणाला सवड नसते.

कुरआनने ‘लिबास-उत-तक़वा’, म्हणजे ईशभानाचं वस्त्र, सर्वांत उत्तम मानलं आहे. ते वस्त्र मोजण्याची टेप कुठल्याही मौलवीकडे, प्राचार्याकडे किंवा शेजाऱ्याकडे नाही. मुलीने डोकं झाकायचं की नाही, हे तिला ठरवू द्या. घरच्यांनीही आणि शाळेनेही. शिक्षक म्हणून माझं काम ती वर्गात येईल आणि बोलेल, एवढं बघण्याचं आहे. चेहऱ्याची जागा तिची तिला भरू द्यावी.