सावलीचें माप

ता. १० जून १९९० रोजीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागा येथें निघालेलें एक प्रवासी विमान सतरा हजार फुटांहून अधिक उंचीवर असतां कप्तानासमोरील कांच चौकटींतून निखळून बाहेर उडाली, आणि कप्तान कमरेपर्यंत विमानाबाहेर ओढला गेला. सोबत्यांनीं त्याचे पाय घट्ट धरून ठेविले, सहवैमानिकानें साउदॅम्प्टन येथें विमान उतरविलें, आणि कप्तानासह आंतील ८७ माणसें वांचलीं. चौकशींत जें कारण निघालें तें वाचकांस चमत्कारिक वाटेल. ती कांच उड्डाणापूर्वीं नुकतीच नवी बसविली होती, आणि तिच्या ९० बोल्टांपैकीं ८४ बोल्ट व्यासानें सुमारें ०.६६ मिलिमीटर बारीक होते. बसविणारानें जुना बोल्ट हातीं घेऊन नव्यांशीं नुसत्या नजरेनें ताडून पाहिला होता.

बोल्ट जात्या वाईट नव्हते. ते भलत्या जागीं गेले, एवढेंच. तथापि अर्ध्या-पाऊण मिलिमीटराचा भेद उघड्या डोळ्यांस भरंवशानें कळत नाहीं, हें यावरून स्पष्ट होतें. आणि यंत्रांचे सुटे भाग घडविणाऱ्या कारखान्यांत तर मिलिमीटराच्या शंभराव्या, प्रसंगीं हजाराव्या भागाची उलाढाल चालते. हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत मापांचा आरंभ ‘त्रसरेणु’पासून केला आहे. झरोक्यांतून आलेल्या उन्हांत जो धूलिकण तरंगतांना दिसतो, तो त्रसरेणु. यावरून आमच्या पूर्वजांस आजचीं यंत्रें ठाऊक होतीं असें म्हणणारांपैकीं आम्ही नाहीं. मात्र सूक्ष्म वस्तु पाहावयाची तर प्रकाशास मध्यें घ्यावें लागतें, ही जाणीव त्या व्याख्येंत आहे खरी.

पूर्वीं कारखान्यांत माप घेणें म्हणजे स्पर्शाचें काम होतें. मायक्रोमीटरच्या जबड्यांत तुकडा धरावयाचा, किंवा ठराविक मापाच्या गेजमधून तो जातो कीं अडतो हें पाहावयाचें. साध्या दांडीस हें पुरतें. पण बोल्टच्या आट्यांचें तसें नाहीं. त्यांचा बाहेरचा व्यास, तळाचा व्यास, दोन आट्यांमधील अंतर, उताराचा कोन, हीं सर्व परस्परांवर अवलंबून असतात, आणि एकेक मोजीत बसल्यास एका बोल्टास बराच वेळ जातो. पहिल्या महायुद्धांत दारूगोळ्याच्या कामीं ही अडचण फार जाणवली, आणि १९१८ मध्यें अमेरिकेनें आट्यांचीं प्रमाणें ठरविण्यासाठीं एक राष्ट्रीय मंडळ नेमिलें. त्याचे एक सभासद जेम्स हार्टनेस हे व्हर्माँट संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथील लेथच्या कारखान्याचे प्रमुख होते. पुढें १९२१ ते १९२३ ते त्या संस्थानाचे गव्हर्नरहि झाले. त्यांस दुर्बिणींचा मोठा नाद. तोच नाद असलेले रसेल पोर्टर १९१९ मध्यें त्यांच्या कारखान्यांत आले, आणि या दोघां आकाशवेड्यांनीं बोल्ट तपासण्याचें छायायंत्र सिद्ध केलें.

त्यांतील तत्त्व घरोघरचीं मुलें जाणतात. दिव्यापुढें हात धरून भिंतीवर हरणाची सावली पाडतात, तेंच हें. बोल्टमागें प्रखर दिवा, पुढें भिंग, आणि त्यापुढें पडदा. सावली पन्नास पट वाढविली, तर मिलिमीटराच्या शंभराव्या भागाची चूक पडद्यावर अर्धा मिलिमीटर दिसते. पडद्यावर कमाल व किमान मर्यादांच्या दोन रेषा आधींच काढून ठेवावयाच्या. सावलीची कड त्यांच्या मध्यें राहिली म्हणजे तुकडा पसंत. सगळे आटे एका दृष्टिक्षेपांत तपासले जातात, आणि तुकड्यास कशाचा स्पर्श नसल्यामुळें तो दबत नाहीं कीं घासला जात नाहीं.

आज पडद्याच्या जागीं कॅमेरा आणि कारागिराच्या डोळ्याच्या जागीं संगणक आला आहे. हात दिव्याजवळ नेला कीं सावली मोठी होते. या यंत्रांत मात्र प्रकाशकिरण समांतर ठेवणारीं भिंगें योजितात, त्यामुळें तुकडा किंचित् वर-खालीं असला तरी सावलीचें मान बदलत नाहीं. तुकडा कांचेवर ठेवावा, कळ दाबावी, आणि कांहीं क्षणांत डझनावारी मापें हातीं यावीं, असा हा प्रकार आहे.

आतां एवढी घाई कशासाठीं, असें कोणी विचारील. वाईट माल लवकर फेंकून देतां यावा म्हणून नव्हे. लेथवरील हत्याराची धार हळूहळू झिजते, आणि तुकडे एकामागून एक किंचित् जाड होत जातात. सायंकाळीं मोजलें, तर दिवसभराचा माल वायां गेल्याचें कळतें. दर थोड्या वेळानें मोजलें, तर मर्यादा ओलांडण्यापूर्वींच हत्यार बदलतां येतें. मापें कालक्रमानें मांडून असा बिघाड ओळखण्याचा तक्ता वॉल्टर श्यूहार्ट यांनीं १९२४ मध्यें अमेरिकेंत प्रथम मांडिला. शिक्षकाच्या पेशांत आयुष्य गेलेल्यास हें पटवावें लागत नाहीं. मुलाची पाटी त्याच दिवशीं तपासणें निराळें आणि वार्षिक परीक्षेंत त्यास नापास करणें निराळें. आमच्या मतें वेगाचें सारें महत्त्व येथें आहे.

परंतु सावलीस जें दिसतें तेवढेंच ती सांगते. छिद्राचा आंतील भाग तिला कळत नाहीं. तेलाचा थेंब, धुळीचा कण, काठावर राहिलेला धातूचा कीस, हीं सर्व ती धातूच समजते. आट्यांच्या तिरप्या चढाप्रमाणें बोल्ट तितकाच कलता धरला नाहीं, तर कडा अस्पष्ट पडून कोनाचें माप बिघडतें. सर्वांत फसविणारी गोष्ट उष्णतेची. पोलादाची एक मीटर लांबी एका अंशानें सुमारें साडेअकरा मायक्रॉन वाढते, म्हणून १९३१ पासून मापांसाठीं वीस अंश सेल्सियस हें उष्णमान जगभर मानलें आहे. शंभर मिलिमीटरांचा तुकडा लेथवरून काढतांना दहा अंश अधिक तापलेला असेल, तर त्याचें माप साडेअकरा मायक्रॉन जास्त भरेल. यंत्र आंकडा चोख सांगेल, पण तो तापलेल्या तुकड्याचा असेल. पूर्वीं मापास वेळ लागे, तेवढ्यांत तुकडा आपोआप निवत असे. आतां ती सवड राहिली नाहीं.

पुणें-पिंपरी-चिंचवडकडील कारखान्यांत आमच्या पुष्कळ वाचकांचीं मुलें-नातवंडें असतील. त्यांनीं नव्या यंत्रावर बसण्यापूर्वीं तोच तुकडा एकदां मायक्रोमीटरनें आणि एकदां सावलीनें मोजून पाहावा. दोन मापें जुळलीं नाहींत, तर आधीं तुकडा पुसावा, मग तो निवूं द्यावा, आणि त्यानंतर यंत्राकडे बोट दाखवावें.