पुन्हा शिकणाऱ्याची वाट कोण अडवतो?

मागच्या महिन्यात एका बुद्धविहारात व्याख्यानासाठी गेलो होतो. कार्यक्रम संपला, लोक पांगले. सतरंज्या गोळा करणारा एक कार्यकर्ता जवळ आला. "जय भीम सर, एक विचारायचं होतं." वय चाळिशीच्या उंबरठ्यावर. बी.ए., बी.एड. झालेला. शिक्षकाची नोकरी काही लागली नाही. बारा वर्षांपासून एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी गार्ड म्हणून उभा आहे. वस्तीला घरे पाडण्याच्या नोटिसा आल्या, तेव्हा साधे उत्तर लिहून द्यायलाही आपला माणूस सापडला नाही. तेव्हापासून त्याने वकील व्हायचे मनावर घेतले आहे. त्याचा प्रश्न एवढाच होता, "या वयात स्कॉलरशिप मिळेल का?"

चौकशी करून सांगतो म्हणालो. चौकशी केली आणि जे हाती आले ते त्या एका कार्यकर्त्यापुरते नाही, म्हणून येथे मांडतो आहे.

अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत एक अट आहे. एका व्यावसायिक शाखेचे शिक्षण पूर्ण करून जो दुसऱ्या व्यावसायिक शाखेकडे वळतो, तो शिष्यवृत्तीला पात्र नाही. अट नीट कळावी म्हणून तिथे उदाहरणही दिले आहे: बी.एड. नंतर एलएल.बी.! आमच्या कार्यकर्त्याचे नाव तेवढे लिहायचे राहिले. त्याच पातळीवरचे दुसऱ्या विषयाचे शिक्षण, म्हणजे बी.ए. नंतर बी.कॉम., तेही चालणार नाही. थोडक्यात, एकदा जी लाइन धरली ती धरली. ती चुकली, तिच्यात नोकरीच उरली नाही, तरी दुसरी लाइन धरायची तर स्वतःच्या खिशातून धरा.

आता हा माणूस बी.एड. कडे गेला कसा, तेही पाहू. २००० च्या दशकात महाराष्ट्रात डी.एड., बी.एड. कॉलेजांना खिरापतीसारख्या परवानग्या वाटल्या गेल्या. संस्थाचालकांची दुकाने चालली. गावोगावच्या आपल्या आईबापांनी दागिने मोडून, कर्ज काढून मुलामुलींना मास्तर करायला पाठवले. मग २ मे २०१२ रोजी सरकारने शिक्षकभरतीवर बंदी आणली. २०१३ पासून टीईटीची परीक्षा आली, २०१७ मध्ये पवित्र पोर्टल आले आणि त्या पोर्टलवरची पहिली भरती व्हायला २०१९ उजाडले. तोपर्यंत पदवीची कागदे ट्रंकेत ठेवून ही मुले गेटवर, हॉटेलात, रिक्षाच्या हँडलवर पोहोचली होती. कॉलेजला परवानगी दिली सरकारने, भरती बंद केली सरकारने आणि आता मार्ग बदलू पाहणाऱ्याला तू आधीच शिकलास म्हणून सांगते तेही सरकारच. मग चूक कोणाची आणि शिक्षा कोणाला?

हा प्रश्न केवळ शिष्यवृत्तीच्या रकमेचा नाही. व्यवसाय बदलण्याची बंदी हाच जातिव्यवस्थेचा कणा आहे. १९३६ च्या 'जातिसंहार' या निबंधात बाबासाहेबांनी हे अर्थशास्त्रज्ञाच्या नजरेने उलगडून दाखवले. जात ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे. काळ बदलतो, धंदे बुडतात, नवे उभे राहतात. माणसाला एका कामातून दुसऱ्या कामात जाता आले पाहिजे. जात ते जाऊ देत नाही, म्हणून जात ही बेकारीचेही कारण ठरते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. मनूने व्यवसाय जन्मावर ठरवला. आजचे नियम तो विसाव्या-बाविसाव्या वर्षी घेतलेल्या एका प्रवेशावर ठरवतात. साखळी लांब झाली, तुटली नाही.

सफाई कामगारांकडे पाहा. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. त्या नोकरीने हजारो घरांची चूल पेटती ठेवली, म्हणून तिच्यावर कोणी घाला घातला तर चळवळ उभी राहतेच आणि राहिलीच पाहिजे. पण बापाच्या हातचा झाडू पदवीधर मुलाच्या हाती आला, की तो त्याच्याही हातून सुटत नाही, हेही तितकेच खरे. मुंबईत सफाईचे काम करीत एक तरुण टाटा समाजविज्ञान संस्थेपर्यंत शिकत गेला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. अभिमान वाटला. पण नोकरी करीत शिकला याची बातमी व्हावी लागते, याचा अर्थ वाट सगळ्यांसाठी खुली नाही. हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यातही पुनर्वसनासाठी रोख मदत, महिन्याला किमान तीन हजार रुपये विद्यावेतनाचे कौशल्य प्रशिक्षण आणि मुलांना शिष्यवृत्ती आहे. मुलाने शिकावे हे कायद्याला सुचले. बापाला किंवा आईला दहावी, बारावी, पदवी करावीशी वाटेल, हे सुचले नाही.

खुद्द बाबासाहेब हे नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी झालेले गृहस्थ होते, हे आपण जयंतीच्या भाषणांत विसरतो. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरी मिळाली, पण राहायला छप्पर मिळाले नाही. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार चांगला, पद प्रतिष्ठेचे. दुसरा कोणी असता तर तिथेच स्थिरावला असता. मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडचे कर्ज घेऊन पुन्हा लंडन गाठले. वय एकोणतीस. घरी माता रमाई, मूल आणि कुटुंबाचा भार. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि सोबत बॅरिस्टरीची सनद. अर्थशास्त्राचा प्राध्यापक बॅरिस्टर होऊन आला, म्हणून पुढचा इतिहास घडला. आजच्या अटींच्या टेबलावर बसलेला कारकून त्या अर्जावर काय शेरा मारेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

बाबासाहेबांनी स्वतः सोसले ते विसरले नाहीत. १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळच्या वर्गांची सोय केली गेली. त्याआधी नव्वद वर्षे, १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीमाईंनी दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली होती. प्रौढांचे शिक्षण हा आपल्या चळवळीत मागून जोडलेला कार्यक्रम नव्हे, तिची सुरुवातच तिथून आहे.

आणि आज? २०१७ मध्ये राज्य सरकारने रात्रशाळांतून दुबार नोकरीच्या शिक्षकांना एका फटक्यात कमी केले. अनुभवी मास्तर गेले आणि दिवसा राबून रात्री बाकावर बसणारी मुले फळ्याकडे पाहत राहिली. प्रौढ साक्षरतेची केंद्राची नवी योजना २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. खर्च १०३७ कोटी ९० लाख, उद्दिष्ट पाच कोटी माणसांचे. भागाकार करा. माणशी सुमारे २०८ रुपये, तेही पाच वर्षांत! शिकवणार कोण, तर स्वयंसेवक.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने मध्येच शिक्षण सोडून पुन्हा परतण्याची सोय दिल्याचा मोठा गाजावाजा झाला. सोडणे सोपे आहे. सोडायला आपल्या मुलांना धोरण कधी लागले नव्हते. परतण्याचे काय? कमावलेले श्रेयांक ज्या क्रेडिट बँकेत ठेवायचे, तिथे ते जास्तीत जास्त सात वर्षे चालतात. एकोणिसाव्या वर्षी बाप आजारी पडला म्हणून कॉलेज सोडणारी मुलगी, धाकट्यांची लग्ने लावून तिसाव्या वर्षी परतली, तर तिचे खाते रिकामे. शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा २०२१ च्या सूचनांतही अडीच लाखच राहिली. म्हणजे महिन्याला एकवीस हजार कमावणारा घरकर्ता शिष्यवृत्तीबाहेर. मुलाच्या अर्जावर बापाचे उत्पन्न मोजायचे, हे समजते. पण बापच विद्यार्थी असेल, तर ज्या पगारावर घर चालते त्याच पगारावर त्याला बाद करायचे?

यावर एक आक्षेप आपल्यातलेही काही जण घेतात. पैसा मर्यादित आहे, आधी अठरा वर्षांच्या पोराला द्या. ज्याला एकदा संधी मिळाली त्याने दुसऱ्याचा वाटा का घ्यावा? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही द्यायला हवे. कोवळ्या पोराचा हक्क पहिलाच. पण ज्याला आपण संधी म्हणतो ती काय होती? घरात कोणी शिकलेले नाही, कोणती शाखा घ्यावी हे सांगणारे कोणी नाही, जवळच्या कॉलेजात जे होते ते घेतले. खुल्या वर्गातल्या खात्यापित्या घरचा मुलगा इंजिनिअर होतो, मग एम.बी.ए. करतो, मग ते सोडून सिनेमा शिकायला जातो. त्याला कोणी दुसरी संधी म्हणत नाही, शोध म्हणतात. आणि हेच राज्य २०१६ च्या शासन निर्णयानुसार मागासवर्गीय उमेदवाराला ४३ व्या वर्षापर्यंत नोकरीत घ्यायला तयार आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस नवा नोकर होऊ शकतो, तर एकोणचाळिसाव्या वर्षी नवा विद्यार्थी का नाही?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. शाखाबदलाची अट केंद्राच्या सूचनांतून आणि राज्याच्या पोर्टलवरून कायमची काढा. कमावत्या विद्यार्थ्यासाठी वेगळी उत्पन्नमर्यादा ठरवा. श्रेयांकांची सात वर्षांची मुदत वंचित घटकांसाठी रद्द करा. सफाई कामगारांना, कंत्राटी असले तरी, पगारी अभ्यास रजा द्या. रात्रशाळांना पूर्ण वेळेचे, कायम शिक्षक द्या.

पण सगळेच सरकारवर ढकलून चालणार नाही. दहावीत नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलांचे सत्कार आपण करतो, ते करावेतच. पण सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी करणाऱ्या पस्तीस वर्षांच्या घरकामगार ताईला आपण कधी हार घातला? अंगणवाडीतली मदतनीस सेविका होण्यासाठी बारावीला बसते, तेव्हा तिच्याच वस्तीत हसणारे असतात. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात प्रवेश कसा घ्यायचा, हे किती विहारांच्या फलकावर लिहिलेले आहे? रविवारी वंदना झाल्यावर दोन तास विहार अभ्यासिका म्हणून उघडा ठेवायला, फॉर्म भरून द्यायला एक पदवीधर बसवायला कोणत्या शासन निर्णयाची वाट पाहायची?

त्या कार्यकर्त्याला मी फोन केला. अट जशी आहे तशी सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "सर, नाइट ड्यूटी मागून घेतो. सकाळचं कॉलेज करीन. फीचं बघू." तो करील, याची मला खात्री आहे. पण फीचे त्याने एकट्याने का बघायचे? त्या विहाराच्या कमिटीपुढे मी हाच प्रश्न ठेवला आहे. आपापल्या विहारात तुम्हीही ठेवा.