गुन्सानचा धडा

इटलीचा इव्हेको समूह, त्याचा संरक्षण विभाग वगळून, सुमारे ३.८ अब्ज युरोंना विकत घेण्याचा निर्णय टाटा मोटर्सने ३० जुलै २०२५ रोजी जाहीर केला. तेव्हापासून पिंपरीपासून चाकणपर्यंत एकच प्रश्न विचारला जातो आहे: आपल्याला यातून काय मिळणार? त्याच्या उत्तरासाठी इव्हेकोच्या तुरिनकडे पाहण्याआधी दक्षिण कोरियातल्या गुन्सानकडे पाहायला हवे. भारतीय मालकाच्या हाताखाली एका परदेशी ट्रक कंपनीचे काय होते, याचा वीस वर्षांहून अधिक काळाचा हिशेब तिथे मांडलेला आहे.

गुन्सान हे कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बंदर. देवू मोटर्सने अवजड ट्रकसाठी तिथे वर्षाला वीस हजार गाड्यांच्या क्षमतेचा कारखाना उभारला. १९९९ मध्ये देवू समूह कर्जाखाली कोसळला. पुढे जनरल मोटर्सने मोटारींचा धंदा उचलला, ट्रक मात्र बाजूला ठेवले. ती उरलेली ट्रक कंपनी मार्च २००४ मध्ये टाटांनी सुमारे १० कोटी २० लाख डॉलरना घेतली. अवजड ट्रकमध्ये कोरियात तिच्या पुढे होती ती फक्त ह्युंदाई.

टाटांना तिची गरज का पडली, हे आपल्या पिढीला वेगळे सांगायला नको. २०००-०१ मध्ये कंपनीला सुमारे पाचशे कोटींचा तोटा झाला होता. देशात मंदी आली की पहिला फटका ट्रकच्या विक्रीला बसतो, म्हणून दुसऱ्या बाजारात पाय रोवणे भाग होते. दुसरे कारण अश्वशक्तीचे. आपल्याकडचा नेहमीचा ट्रक म्हणजे १६१३, सोळा टन वजन आणि एकशेतीसच्या आसपास अश्वशक्ती. घाटात तो पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगायचा आणि मागे गाड्यांची रांग लागायची. डोंगराळ कोरियात भरलेला डंपर चढावर खेचायला याच्या दुप्पट-तिप्पट ताकदीची इंजिने सर्रास लागत. ती गाडी कशी बांधायची, हे गुन्सानच्या इंजिनिअरांना ठाऊक होते.

ही खरेदी टिकली ती मुख्यतः ज्या रीतीने केली गेली त्यामुळे. टाटांच्या अधिकाऱ्यांनी कोरियन भाषेचे धडे घेतले, कागदपत्रे कोरियनमध्ये करून नेली, कामगार आणि स्थानिक प्रशासन यांच्यासमोर आपला बेत आधी मांडला. कारखान्याचा कारभार कोरियन माणसांच्याच हाती ठेवला. पुढे सारे गोडीगुलाबीने चालले असे नाही. वेतनात बोनस धरायचा की नाही, यावरून कामगार न्यायालयात गेले. २०११ मध्ये युरोपशी मुक्त व्यापार करार लागू झाल्यावर युरोपीय ट्रक दारात येऊन उभे राहिले आणि स्पर्धा तीव्र झाली. तरी कंपनी उभी आहे. त्याच शहरातला जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना मे २०१८ मध्ये बंद झाला, ट्रकचा चालू राहिला.

आपल्याकडे काय आले? पहिली ठळक गोष्ट म्हणजे प्रायमा. भारतीय आणि कोरियन इंजिनिअरांनी मिळून घडवलेला हा ट्रक मे २००९ मध्ये भारतात आला. केबिनचे रूप इटलीच्या बर्टोनेचे, इंजिन कमिन्सचे, गिअरबॉक्स झेडएफचा. वातानुकूलित केबिन, झोपायला बर्थ, धक्के सोसणारी सीट. हे सारे आता आपल्या कारखान्यांना जमत होते.

पण त्याच वर्षांत हमरस्त्यावर दुसरे दृश्यही होते, आणि ते अजून पुरते गेलेले नाही. कंपनीच्या फाटकातून काउल चासी बाहेर पडते. दार नाही, छत नाही, पाठ टेकायला जागा नाही. ड्रायव्हर तोंडाला टॉवेल गुंडाळून तिच्यावर बसतो आणि ऊन-पाऊस अंगावर घेत शेकडो किलोमीटरवरच्या डेपोत तिला पोचवतो. तिथून ती बॉडी बिल्डरकडे जाते आणि लाकूड-पत्र्याची केबिन चढते. दहा-वीस हजार वाचले म्हणून गाडीमालक खूश होतो. ज्याने त्या केबिनमध्ये दिवसाचे बारा-चौदा तास काढायचे, त्याला कोणी विचारत नाही. अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले ते १ ऑक्टोबर २०२५ पासून. प्रायमा येऊन तोवर सोळा वर्षे उलटली होती. तंत्र घरात होते, ते वापरायची सवय आपण लावून घेतली नाही.

गुन्सानचा खरा धडा हा आहे. कंपनीबरोबर आराखडे मिळतात, पेटंटे मिळतात, चाचणीची यंत्रे मिळतात. काम करण्याची शिस्त मात्र शिकूनच घ्यावी लागते, आणि शिकणाऱ्याला मालकपणाचा तोरा परवडत नाही. आपल्याच इतिहासात याचा उत्तम दाखला आहे. १९५४ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि आपले ट्रक जर्मन तारा लावून धावू लागले. टेल्कोची धुरा वाहणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी ती पंधरा वर्षे नुसती गाड्या जोडण्यात घालवली नाहीत. करार चालू असतानाच, १९६६ मध्ये, पुण्यात संशोधन केंद्र सुरू झाले. १९६९ मध्ये करार संपून तारा उतरला तेव्हा गाडी स्वतः बांधू शकणारी माणसे इथे तयार होती.

इव्हेकोशीही आपली ओळख नवी नाही. १९८७ मध्ये हिंदुजांच्या जोडीने ती अशोक लेलँडच्या मालकीत आली आणि २००७ मध्ये बाहेर पडली. आता फासा उलटा पडला आहे. म्हणून या अंकाच्या वाचकांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. डिझाइनमधल्या तरुण इंजिनिअरांनी तिकडे जायची संधी मिळाली तर देखरेख करायला जाऊ नये, ड्रॉइंग बोर्डापाशी बसून शिकायला जावे. सुटे भाग पुरवणाऱ्यांनी युरोपच्या चाचण्या स्वखुशीने लावून घ्याव्यात, कारण उद्या तीच अट येणार आहे. डीलरांनी विक्रीइतकाच जीव सर्व्हिस व्हॅन आणि मेकॅनिकच्या प्रशिक्षणात घालावा. आणि गाडीमालकांनी केबिनच्या पैशात काटकसर करणे थांबवावे. नवी खरेदी आपल्या हाताला लागली की नाही, हे ताळेबंदावरून कळणार नाही. रात्रभर गाडी हाकून सकाळी डेपोत उतरणाऱ्या ड्रायव्हरला ते विचारावे लागेल.