पास ब्रासचा, ओझं टनांचं

पिरंगुटहून लवासाकडे जाणारा रस्ता मुठा घाट उतरून खोऱ्यात येतो. शनिवार-रविवारी तो पर्यटकांच्या गाड्यांनी भरतो. पण रस्त्याचं आयुष्य ठरवतात ते खडी, क्रशसँड आणि मुरूम वाहणारे डंपर, म्हणजे हायवा. खोऱ्यात बंगले आणि रिसॉर्ट उभे राहणार असतील तर माल येणारच, त्याला माझी हरकत नाही. प्रश्न आहे तो एका खेपेत किती यावा, याचा.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकची भारमर्यादा वाढवली. चार टायरच्या एका आसावर १०.२ टन चालत होते, ते ११.५ झाले. बाराचाकी ३१ वरून ३५ टनांवर गेला, सर्वांत मोठा ट्रेलर ४९ वरून ५५ वर. सव्वा टनाने काय बिघडतं? अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर सतत ट्रक फिरवून हे तपासलं गेलं. त्यातून निघालेला आडाखा आजही वापरतात: आसावरचा भार वाढला की रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. या हिशेबाने १०.२ चे ११.५ झाले की झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढते, आणि तीही कायद्यात बसणाऱ्या ट्रकमुळे.

म्हणून लांब ट्रक दिसला की नाक मुरडणं मला पटत नाही. फिनलंड आणि स्वीडनमध्ये २५.२५ मीटर लांबीच्या जोडगाड्या कित्येक वर्षं धावतात, आता ठरावीक मार्गांवर ३४.५ मीटरच्याही. त्यांचं ओझं जास्त आसांवर वाटलेलं असतं. घाटाच्या वळणांवर त्यांना जागा नाही, महामार्गावर असू शकते. गावचा रस्ता खचवतो तो आखूड, दहाचाकी, फाळक्याच्या वरपर्यंत भरलेला हायवा.

आता खरी गोम. खडीची रॉयल्टी ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांवर भरतात, आणि वाहतुकीचा पासही ब्रासवरच निघतो. मोटार वाहन कायदा मात्र टन मोजतो. एक ब्रास खडी साधारण सव्वाचार टन भरते. दहाचाकीची मर्यादा २८ टन. त्यातलं गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की चार ब्रासही जेमतेम बसतात. पाच भरले की गाडी ओव्हरलोड, पण पाच ब्रासची रॉयल्टी भरलेली असेल तर महसुलाच्या लेखी सगळं चोख! महसूल खातं ब्रास बघतं, आरटीओ टन, आणि दोघांच्या मधून रस्ता खचतो.

माझी मागणी साधी आहे. क्रशरच्या फाटकावरच गाडी वजनकाट्यावर घ्या आणि पासावर ब्रासशेजारी टन लिहा. मर्यादेबाहेर भरलेल्या गाडीला पासच निघू नये. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. पण घाटात गाडी अडवून वीस टन खडीतली पाच टन कुठे उतरवणार? आणि पकडला जातो तो चालक, ज्याने फावडंही हातात धरलेलं नसतं. कलम १९४ गाडी चालवणाऱ्याइतकंच चालवायला लावणाऱ्यालाही दोषी धरतं. हे दुसरं नाव चलनावर यायचं असेल, तर वजन माल भरला जातो तिथेच झालं पाहिजे.