न दिसणाऱ्या दुखण्याची इयादत

माझी मान गेली आठ वर्षं दुखते आहे. मणक्यांमधली चकती झिजली आहे, उजव्या हाताला मुंग्या येतात, आणि नमाजच्या शेवटी सलाम फेरताना उजवीकडे पुरतं वळता येत नाही. पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. ना पट्टी, ना प्लास्टर. दुखण्याइतकाच हा न दिसण्याचा त्रास असतो, हे ज्यांची मान दुखते त्यांना वेगळं सांगायला नको.

आजाऱ्याची विचारपूस, म्हणजे इयादत, हा आपल्याकडे एका मुसलमानाचा दुसऱ्यावरचा हक्क मानला आहे. कुणाचं ऑपरेशन झालं की मोहल्ला दवाखान्यात लोटतो, डबे येतात, फळं येतात. जुनाट दुखण्याची इयादत मात्र कुणी करत नाही. पहिल्या महिन्यात सगळे विचारतात, सहाव्या महिन्यात "अजून दुखतंच का?" असं ऐकू येतं, आणि मग आपणच सांगायचं बंद करतो. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत स्वतंत्र जागा आहे. आपल्या घरांत ती अजून मिळायची आहे. मशिदीत तिशीतला तरुण खुर्चीवर नमाज पढताना दिसला की कुजबुज होते. सजद्यात वाकल्यावर त्याच्या मानेचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. उभं राहता येत नसेल त्याने बसून पढावी, ही सवलत तर दीनने स्वतःच दिली आहे.

मग येतो सब्रचा उपदेश. सब्र म्हणजे गप्प बसणं, असा अर्थ आपण, विशेषतः बायकांसाठी, करून ठेवला आहे. मला तो मान्य नाही. सब्रचं नाव घेतलं की ज्यांची आठवण होते, त्या हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांनीही आपलं दुःख अल्लाहसमोर बोलून दाखवलं होतं. त्यांच्या बोलण्याने सब्र मोडला नाही, तर शेजारणीला सांगितल्याने माझा कसा मोडेल?

सांगायचं कसं, हा खरा प्रश्न. "मला बरं नाही" म्हटलं की समोरचा "आराम कर" म्हणतो आणि दोघंही मोकळे होतात. म्हणून मी नेमकं मागते. पाण्याची कळशी मुलगा उचलेल. वरच्या फळीवरचे डबे खालच्या फळीवर येतील. पीठ मळायचं काम जाऊबाईंनी घेतलं, बदल्यात मी त्यांच्या मुलीचा अभ्यास घेते. असा सौदा असला की उपकाराचं ओझं राहत नाही. ज्या बाया घरी पीसवर शिलाई करतात, त्यांना हेही सोपं नाही. मशीन थांबलं की मजुरी थांबते. त्यांच्यासाठी मोहल्ल्यातल्या चार जणींनी मिळून ऑर्डर वाटून घेतली, तर ती मला डब्याइतकीच खरी इयादत वाटेल.

सल्ले मात्र फुकट आणि भरपूर मिळतात. न्हाव्याकडून मान मोडून घे, हा त्यातला सर्वांत वाईट. त्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. डॉक्टरने न सांगता वर्षानुवर्षं पट्टा लावून बसलं तर मानेचे स्नायू आणखी कमजोर होतात. मला फरक पडला तो फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या, हनुवटी मागे ओढायच्या कंटाळवाण्या व्यायामाने, तोही रोज केला तेव्हा.

हाताची पकड सुटू लागली, बटण लावता येईना, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर घरचा आधार पुरत नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि सोबत कुणाला तरी न्यावं. एकट्या बाईचं दुखणं तिथेही अर्धंच ऐकलं जातं, असा माझा अनुभव आहे.